हवेवर वीज? आधी मीटर लावा!

तुमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो व्हिडिओ येऊन गेला असणारच. एका शेडमध्ये जुन्या बाइकचं इंजिन लोखंडी चौकटीवर बसवलेलं असतं. शेजारी कॉम्प्रेसरची टाकी. कुणीतरी कॉक उघडतं, फस्स-फस्स आवाज होतो, इंजिन फिरायला लागतं, पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर फिरतो आणि बल्ब पेटतो. मागे जोरदार म्युझिक. खाली ओळ, ‘ना पेट्रोल, ना डिझेल, ना वीजबिल! फक्त हवेवर चालवा अख्खं घर!’ पाचच मिनिटांत काकांचा मेसेज येतो, ‘काय गं, तू इंजिनीअरिंगला आहेस ना? आपल्या गावच्या घरी बसवता येईल का हे?’

आता खरी पंचाईत. ‘हो’ म्हणालात तर काका उद्या कुणाला तरी आगाऊ रक्कम देऊन मोकळे होतील. ‘नाही’ म्हणालात तर लगेच प्रश्न येईल, ‘अगं पण डोळ्यांनी दिसतंय की चालताना!’ आणि दिसतंय हे खरंच आहे. व्हिडिओ दरवेळी खोटा असतो असं नाही. इंजिन हवेवर फिरतं, बल्बही पेटतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या कॉलेजात फायनल इयरचा एखादा ग्रुप यंदाही हाच प्रोजेक्ट करत असेल. कदाचित तो ग्रुप तुमचाच असेल.

म्हणून आधीच सांगून टाकतो. हवेवर इंजिन चालवण्याला माझा अजिबात विरोध नाही. विरोध आहे तो ‘फुकट’ या एका शब्दाला. पेट्रोल हे इंधन आहे, कारण त्यातली ऊर्जा कोट्यवधी वर्षांपूर्वी निसर्गाने भरून ठेवलीय. दाबलेल्या हवेत ऊर्जा कुणी भरली? तुमच्या कॉम्प्रेसरने. आणि कॉम्प्रेसर कशावर चालतो? भिंतीतल्या प्लगवर. म्हणजे हवा हे इंधन नाही, ती नुसती तिजोरी आहे. जेवढं ठेवाल त्यापेक्षा जास्त तिच्यातून निघणार नाही. प्रश्न फक्त एवढाच की ठेवलेल्यातलं परत किती मिळतं? हे ज्या प्रोजेक्टमध्ये मोजलेलं नाही, त्याला मी प्रोजेक्ट म्हणणार नाही. तो जत्रेतला खेळ झाला.

टाकीत असतं तरी किती?

चला, हिशेब करू. फार अवघड नाही, थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या काही धड्यांतलाच आहे.

शंभर लिटरची टाकी घ्या आणि तिच्यात ८ बार दाबाने हवा भरा. पंक्चरवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये साधारण अशीच टाकी असते. या हवेतून जास्तीत जास्त किती काम मिळू शकतं? अगदी आदर्श परिस्थिती धरली, कुठेही घर्षण नाही, गळती नाही, हवा सावकाश प्रसरण पावतेय आणि तिचं तापमान जराही उतरत नाही, तरी उत्तर येतं जेमतेम ३३ वॅट-तास. युनिटमध्ये सांगायचं तर ०.०३३ युनिट.

आता खिशातला मोबाइल काढा. पाच हजार एमएएचची बॅटरी असेल तर तिच्यात साधारण १९ वॅट-तास असतात. म्हणजे दोघांना मिळून उचलावी लागणारी ती लोखंडी टाकी, आदर्श परिस्थितीतसुद्धा, दोन मोबाइलच्या बॅटऱ्यांएवढी वीज देत नाही! घरातल्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची असते. तिची बरोबरी करायला अशा पन्नासहून जास्त टाक्या लागतील. ठेवणार कुठे? हॉलमध्ये?

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. ही टाकी रिकामी असताना भरायला दोन हॉर्सपॉवरचा छोटा कॉम्प्रेसर पाच-एक मिनिटं घेतो आणि तेवढ्यात शंभर ते दीडशे वॅट-तास वीज खातो. आपण हवेच्या बाजूने उदार होऊ आणि शंभरच धरू. टाकीत जमा झाले ३३. घरगुती पद्धतीने बदललेल्या इंजिनाने त्यातला चौथा हिस्सा दांड्यापर्यंत पोचवला तर पाठ थोपटायला हवी. पुढे गाडीचा अल्टरनेटर त्यातला निम्मा घालवतो. हातात उरले चार वॅट-तास. नऊ वॅटचा एलईडी बल्ब अर्धा तासही धड चालणार नाही.

शंभर दिले, चार परत आले. असा व्यवहार एखाद्या बँकेने केला असता तर आपण दुसऱ्या दिवशी दारात मोर्चा नेला असता. हवेने केला की आपण त्याला ‘ग्रीन एनर्जी’ म्हणतो.

महिन्याला दीडशे युनिट वापरणारं साधं घर घ्या. रोजचे पाच युनिट. वरच्या हिशेबाने तेवढी वीज मिळवायला टाकी दिवसाला साडेबाराशे वेळा भरावी लागेल, आणि त्यासाठी कॉम्प्रेसर सव्वाशे युनिट खाईल. दिवसाला! काकांना एवढं एक वाक्य सांगितलंत तरी पुरे.

व्हिडिओ एका मिनिटाचाच का असतो?

कधी लक्ष दिलंत का, हे व्हिडिओ फार लांब नसतात. कारण इंजिनातच दडलंय.

आपल्याकडे बहुतेक वेळा जुन्या शंभर सीसी बाइकचं फोर-स्ट्रोक इंजिन वापरतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून हवा आत सोडायची. आता आत काही जळणार नाही, त्यामुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढणं आणि दाबणं हे दोन स्ट्रोक बिनकामाचे. मग कॅम घासून किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावून असं जमवतात की पिस्टन दरवेळी खाली जाताना हवा ढकलेल आणि दरवेळी वर येताना ती बाहेर पडेल. फोर-स्ट्रोकचं टू-स्ट्रोक झालं. हे काम खरंच कौशल्याचं आहे. टायमिंग बसवताना रात्री जातात. ज्यांनी हे स्वतःच्या हाताने केलंय त्यांचं कौतुक करायलाच हवं.

पण हवा किती लागते? सहा बारच्या हवेने सिलिंडर पूर्ण भरत असेल तर प्रत्येक फेऱ्याला बाहेरच्या दाबाची जवळपास पाऊण लिटर हवा खर्च होते. मिनिटाला पाचशे फेरे म्हटले तर साडेतीनशे लिटर. आपल्या टाकीत अशी आठशे लिटर हवा कोंबलेली आहे, पण दाब अर्ध्यावर आला की इंजिन धापा टाकायला लागतं. म्हणजे कामाची हवा चारशे लिटर. एक-सव्वा मिनिटात खेळ खल्लास! व्हिडिओ तिथेच संपतो, आणि त्यानंतर पाच मिनिटं घरघरणारा कॉम्प्रेसर मात्र कुणी दाखवत नाही.

काही व्हिडिओ आणखी एक पाऊल पुढे जातात. ‘याच अल्टरनेटरच्या विजेवर कॉम्प्रेसर चालतो, तोच टाकी भरतो, एकदा सुरू केलं की बंदच पडत नाही.’ शंभराचे चार होणाऱ्या साखळीचं शेवटचं टोक पहिल्याला जोडलं तर काय होईल, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. असं यंत्र ‘सतत चालताना’ दिसलं तर सरळ टेबलाखाली बघा. कुठेतरी वायर असते.

उष्णता गेली कुठे?

शंभरातले शहाण्णव जातात कुठे, हा खरा अभ्यासाचा भाग आहे.

सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हे तुम्ही अनुभवलंय. हवा दाबली की तापते. एक बारची हवा एका झटक्यात ९ बारपर्यंत (बाहेरचा दाब धरून) दाबली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर तिचं तापमान गणिताने २८० अंशांच्या पुढे जातं. कॉम्प्रेसरच्या हेडवर पंख्यासारखे पाते असतात ते ही उष्णता फेकून देण्यासाठीच. मग टाकीतली हवा गार होते. तुम्ही विकत घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा इथेच, शेडमधली हवा तापवण्यात संपलेला असतो.

उलट बाजूला, हवा प्रसरण पावली की थंड होते. इंजिनातून निघणारी हवा इतकी गार असते की तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन व्हॉल्व्ह आणि नळ्या चोंदतात. थंड हवा जोरही कमी लावते. म्हणजे एका टोकाला उष्णता फेकून द्यायची आणि दुसऱ्या टोकाला उष्णतेअभावी इंजिन गारठायचं! या तंत्रज्ञानाची सगळी अडचण या एका वाक्यात आहे, आणि गेली दीडशे वर्षं हुशार माणसं याच वाक्याशी झटतायत.

ज्यांनी हे खरंच चालवून दाखवलं

‘हे शक्यच नाही’ असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला ते करायचं नाही, कारण ते खरं नाही.

फ्रान्समधल्या नान्त शहरात १८७९ पासून लुई मेकार्स्की यांच्या पद्धतीच्या, हवेवर चालणाऱ्या ट्राम धावत होत्या, आणि त्या तीसहून अधिक वर्षं धावल्या. मेकार्स्कींची युक्ती काय होती? टाकीतली हवा इंजिनात जाण्याआधी गरम पाण्यातून न्यायची. हवा तापते, ओलसर होते, बर्फ जमत नाही, जोर वाढतो. त्याआधी आल्प्सखालून फ्रान्स-इटली जोडणारा बोगदा १८५७ ते १८७१ या काळात खोदला गेला, तिथली छिद्रं पाडणारी यंत्रंही दाबलेल्या हवेवर चालत. बोगद्यात वाफेचं इंजिन नेलं असतं तर धुराने माणसं गुदमरली असती. हवेने उलट त्यांना श्वास दिला. अमेरिकेतल्या खाणींमध्ये हवेवर चालणारी रेल्वे इंजिनं होती, कारण जिथे मिथेन साचतो तिथे एक ठिणगीही परवडत नाही. आजही मोठ्या जहाजाचं डिझेल इंजिन सुरू होतं ते साधारण ३० बारच्या हवेच्या धक्क्याने. आणि आपल्या एसटीचा तो ओळखीचा ‘फुस्स’? तोही ब्रेकमधून सुटलेल्या हवेचाच.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. यातल्या कुणीही ‘वीज फुकट मिळते’ म्हणून हवा वापरली नाही. नान्तची हवा दाबायला कोळसा जळतच होता. ठिणगी नको, धूर नको, एका क्षणात प्रचंड जोर हवा, अशा ठिकाणी नुकसान सोसूनही हवा परवडते. घरातला पंखा आणि टीव्ही त्यात बसत नाहीत.

मोठ्या प्रमाणावर वीज साठवण्याचं कामही हवा करते. जर्मनीत हुन्टॉर्फ इथे १९७८ पासून असा प्रकल्प आहे. सुरुवातीलाच त्याची क्षमता २९० मेगावॅट होती. विजेला मागणी कमी असेल तेव्हा हवा दाबून जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत भरायची आणि मागणी वाढली की टर्बाइनमधून सोडायची. या पोकळ्या सुमारे तीन लाख घनमीटरच्या आहेत, म्हणजे आपल्या तीस लाख टाक्या. आणि तरीही तिथे हवा बाहेर काढताना नैसर्गिक वायू जाळून तापवावी लागते. तोच मेकार्स्कींचा प्रश्न! अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९९१ पासून ११० मेगावॅटचा असाच प्रकल्प आहे. चीनमध्ये २०२२ नंतर सुरू झालेल्या नव्या प्रकल्पांत दाबताना निघालेली उष्णता वेगळी साठवून हवेला परत देतात, आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज परत मिळते असं ते सांगतात. म्हणजे आज संशोधनाची खरी आघाडी इंजिनात नाही, उष्णता जपण्यात आहे.

आपल्या घराजवळचं उदाहरणही विसरू नका. २००७ मध्ये टाटा मोटर्सने फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी हवेवर चालणाऱ्या गाडीसाठी करार केला. २०१२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाल्याची घोषणाही झाली. ती गाडी अजून शोरूममध्ये आलेली नाही. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनीअर, तरीही. म्हणून शेडमधल्या कुणी ‘आम्ही जमवलं’ म्हटलं तर निदान दोन प्रश्न तरी विचारायला हवेत.

‘पण सर, सोलरवर कॉम्प्रेसर चालवला तर?’

हा प्रश्न प्रदर्शनात हमखास येतो. चालवा की! पण मग ती वीज सूर्याची झाली, हवेची नाही. छपरावरच्या एक किलोवॅट पॅनेलमधून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. ते सरळ वापरले तर चार. बॅटरीत ठेवून वापरले तर तीन-साडेतीन. आपल्या टाकी-इंजिनातून फिरवून आणले तर? पाव युनिटही नाही. घरावर खरंच काही बसवायचं असेल तर केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. काकांना हीच माहिती द्या. त्यांचे पैसे वाचतील आणि तुमचं घरातलं वजनही वाढेल.

दुसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. ‘बॅटरी काही वर्षांत मरते, तिच्यातल्या शिशाचा कचरा होतो. टाकी वर्षानुवर्षं टिकते, विषारी काही नाही.’ बरोबर आहे. वीज नुसती किती परत येते यावर सगळं ठरू नये, हे मान्य. पण मग घाटघरकडे बघा. तिथला २५० मेगावॅटचा प्रकल्प जादा विजेवर पाणी वरच्या धरणात चढवतो आणि गरजेला खाली सोडून वीज करतो. तिथेही बॅटरी नाही, विष नाही. अशा प्रकल्पांत दिलेल्या विजेतली साधारण तीन चतुर्थांश परत मिळते. आणि घाटघरला कुणी ‘फुकट पाण्यावर चालणारं जनरेटर’ म्हणत नाही. साठवण म्हणूनच त्याची मांडणी होते, साठवण म्हणूनच ते मोजलं जातं. हवेलाही तोच नियम लावा, एवढंच.

आणि तिसरा, भावनिक मुद्दा. ‘राइट बंधूंनाही लोक हसलेच होते!’ हसले असतील. पण राइट बंधूंनी काय केलं ते वाचा. त्यांचं ग्लायडर अपेक्षेप्रमाणे उडेना, तेव्हा त्यांनी १९०१ मध्ये स्वतः एक छोटा वाऱ्याचा बोगदा बांधला, त्यात पंखांचे कितीतरी आकार ठेवून मोजमाप केलं आणि त्या काळचे मान्यवर आकडे चुकीचे आहेत हे शोधून काढलं. ते मोजून उडाले. राइट बंधूंचं नाव घ्यायचं असेल तर आधी मीटर लावा.

फुटली तर?

आता जरा कडक बोलतो. हिशेब चुकला तर मार्क जातात, टाकी फुटली तर माणूस जातो.

कमी दाबाची टाकी पुरेशी वीज देत नाही म्हटल्यावर पुढचा विचार काय येतो? दाब वाढवू. गणित त्यालाही साथ देतं. पन्नास लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारने हवा भरली तर कागदावर जवळपास दोन युनिट बसतात. पण ते दोन युनिट म्हणजे सुमारे दीड किलोहून अधिक टीएनटीची ऊर्जा, तुमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी. इतक्या दाबाची सिलिंडर, त्यांच्या चाचण्या, त्यांचे परवाने यांचे नियम आहेत. ते बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

आठ बारही खेळणं नाही. भंगारातली टाकी आतून गंजलेली असते, कारण हवेतलं पाणी तळाशी साचतं आणि कुणी ते काढत नाही. काही जण पीव्हीसी पाइपची टाकी करतात. तो पाइप पाण्यासाठी असतो. हवेच्या दाबाखाली तो तडकत नाही, त्याच्या ठिकऱ्या उडतात. टाकी तपासताना तिच्यात पाणी भरून दाब का देतात, ठाऊक आहे? पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे त्याच्यात ऊर्जा साठत नाही. टाकी फुटली तर पाणी गळतं. हवा भरलेली फुटली तर साठलेलं सगळं एका क्षणात बाहेर येतं. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि चालू असलेला प्रेशर गेज नसेल तर कॉक उघडूच नका. सबमिशन उद्या असलं तरीही.

मग प्रोजेक्ट करायचा की नाही?

करा. पण विषयाचं नाव बदला. ‘इंधनाशिवाय घरगुती वीजनिर्मिती’ खोडा आणि लिहा, ‘दाबलेल्या हवेतून परत मिळणाऱ्या ऊर्जेचं मोजमाप’. ऐकायला कमी भारी वाटतं, कळतंय मला. पण त्यात खरं काम आहे. कॉम्प्रेसरच्या प्लगला एक एनर्जी मीटर लावा, अल्टरनेटरच्या टोकाला दुसरा. टाकीच्या आत-बाहेर तापमान मोजा. मग मेकार्स्कींची युक्ती करून बघा. हवा ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापवली तर तिचा जोर गणिताने सोळा-एक टक्के वाढायला हवा. सोलर वॉटर हीटरच्या पाण्यातून नळी फिरवून तुमच्या मीटरवर प्रत्यक्षात किती वाढतो? सहा? दहा? उरलेले कुठे गेले? या एका प्रश्नावर एक सेमिस्टर सहज जाईल, आणि व्हायवात कुणी तुम्हाला हलवू शकणार नाही.

याहून मोठा प्रोजेक्ट हवाय? कॉलेजच्या जवळच्या एमआयडीसीत जा. भोसरी असो, वाळूज असो की बुटीबोरी, दाबलेली हवा सगळीकडे वापरतात. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या प्रशिक्षण साहित्यात स्पष्ट म्हटलंय की कॉम्प्रेसरला दिलेल्या ऊर्जेतली फक्त १० ते ३० टक्केच प्रत्यक्ष वापराच्या जागी पोचते. त्यातच नळ्या, जोड, जुने व्हॉल्व्ह गळत असतात. सात बारच्या लाइनमध्ये तीन मिलिमीटरचं एक भोक, म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढं, कॉम्प्रेसरची जवळपास तीन किलोवॅट वीज गिळतं. दिवस-रात्र लाइन चालू असेल तर ७२ युनिट. आठ रुपये युनिट धरला तरी वर्षाला दोन लाखांच्या वर. आणि ७२ युनिट म्हणजे, वर आपण हिशेबाला घेतलेल्या घरासारख्या चौदा घरांची रोजची वीज!

ती गळती शोधायला काय लागतं? साबणाचं पाणी, ब्रश आणि एक स्टॉपवॉच. सुट्टीच्या दिवशी, सगळी यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करा. हवा कुणीच वापरत नाहीये, तरी तो अधूनमधून सुरू होत राहतो, कारण हवा गळतेय. दोन मिनिटं चालून सहा मिनिटं थांबत असेल तर एकूण आठपैकी दोन, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या पंचवीस टक्के हवा नुसती गळतीत जातेय. झालं गणित. मालकासमोर तुम्ही आकडा ठेवू शकता, त्याचं बिल कमी करून दाखवू शकता. हवेतून घरं उजळायची इतकीच हौस असेल तर चौदा घरं अशी उजळतात. व्हिडिओला तेवढे व्ह्यूज मिळणार नाहीत, हे मात्र खरं.

यात दोष फक्त विद्यार्थ्यांचा नाही. तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत, मागच्या बॅचचा रिपोर्ट जसाच्या तसा पुढे सरकवणारी कॉलेजं आहेत आणि बल्ब पेटला की मान डोलावणारे परीक्षकही आहेत. ‘शून्य प्रदूषण, शून्य इंधनखर्च’ हे निष्कर्षाचं पान वर्षानुवर्षं तेच असतं, फक्त वरची नावं बदलतात. परीक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की पहिला प्रश्न ‘चालतं का?’ हा नको, ‘किती घातलं आणि किती मिळालं?’ हा असू द्या. आणि ज्या मुलांनी प्रामाणिकपणे ‘चार टक्के’ लिहिलंय, त्यांना ‘ऐंशी टक्के’ लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त मार्क द्या.

कारण चार टक्के हा कमीपणा नाही. तो तुम्ही स्वतः मोजलेला आकडा आहे. पुढे नोकरीत, धंद्यात, गावच्या ग्रामपंचायतीत कुणीतरी चकचकीत यंत्र घेऊन येईल आणि सगळे तुमच्याकडे बघतील. तेव्हा उपयोगी पडेल ती डिग्री नाही, हा आकडा काढण्याची सवय. यंदाच्या प्रदर्शनात तुमच्या टेबलावर इंजिन असेल, टाकी असेल, बल्बही असेल. त्यांच्या शेजारी दोन मीटर ठेवा, आकडे सगळ्यांना दिसतील असे. गर्दी कदाचित शेजारच्या टेबलावर जास्त होईल. होऊ द्या.